मॅटर मिटव, ताई

डोंबिवली पूर्व
१७ ऑगस्ट २०२५

रत्नदीप,

जय भीम. हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, मनापासून नाही.

पत्र बघून हसशील. हसून घे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, फेसबुकवर केलंयस, आणि तुमच्या कोलशेतच्या टॉवरला आलेले तर वॉचमनने वर फोन लावून विचारलं आणि वरून उत्तर आलं की साहेब घरात नाहीत. साहेब! कोपरीच्या चाळीत बनियनवर ब्रश करत फिरणारा माझा भाऊ. तेव्हा पोस्ट उरलं. रजिस्टर करून पाठवतेय. सही अक्षदाने केली तरी चालेल, आणि तिने वाचलं तर जास्तच बरं. नवरा काय चीज आहे ते बायकोला कळलेलं असावं.

तुझा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. "मॅटर मिटव, ताई. उगाच वाढवू नको." झालं. बाबा कसे आहेत, पाय कसा आहे, जेवतात का, एक शब्द नाही. बाबा शेजारीच पलंगावर होते. कुणाचा मेसेज, म्हणाले. मी वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मला मॅटर म्हणाला का तो?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही हो, केसला म्हणाला. मान हलवली त्यांनी. पण पटलं नाही, ते मला दिसलं.

आपल्याकडे कशालाही मॅटर म्हणतात, मला काय माहीत नाही? नाक्यावर पोरांची हाणामारी झाली की मॅटर झाला. कुणाची मुलगी कुणाच्या गाडीवर दिसली की तिचा मॅटर आहे. वकील म्हणतो, आज आपला मॅटर बोर्डावर नाही. माझ्या छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, ताई, पत्रिकेचा मॅटर पाठवलाय, बघून घ्या. बाबा तर आयुष्यभर ठाण्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत मॅटरच करत आले. छापायचा असेल तो लाइव्ह मॅटर, छापून झाला की डेड मॅटर. डेड झाला की सोडवायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. तू लहानपणी त्यांच्याबरोबर जायचास तेव्हा तुला हे काम फार आवडायचं. आता म्हाताऱ्या बापालाही तू डेड मॅटरसारखं सोडवायला निघालायस.

काय झालेलं ते तुला पुन्हा सांगते. तू विसरलायस असं ऐकते, तेव्हा वाचून पाठ कर, साक्षीला उपयोगी पडेल. दोन वर्षांपूर्वी गुरुदत्तच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आपल्या चाळीच्या तोंडाशी लागायचा होता. गुरुदत्त म्हणजे आता तुझा दादा. वॉर्डातून निवडून यायची स्वप्नं बघणारा आणि दर वाढदिवसाला फ्लेक्सवर आणखी एक मजला उंच होणारा. लोखंडी पाइप रोवायला त्याच्या पोरांनी गटारावरची लादी उचलली. बाबा खाली गेले आणि म्हणाले, पाइप जरा बाजूला घ्या, अंधारात बायका नळावर येतात, कुणीतरी पडेल. एवढंच. शिवी नाही, आवाज नाही. गुरुदत्तने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि ढकललं. बाबा त्याच उघड्या गटारात गेले. मांडीचं हाड मोडलं. बाकी चाळीला त्या वेळी अचानक टीव्हीत काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं. तू जिन्यात होतास. तू बघितलंस. आणि त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनात तूच रागारागाने सांगितलंस, मी बाजूला उभी होते.

पुढे दादाने तुला बोलावून घेतलं. कोलशेतच्या टॉवर्समधलं हाऊसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, घर बदललं, आणि तुझी जीभ फिरली. आणि चाळीत काय पसरवलं त्या लोकांनी? म्हातारा पिऊन पडला. आपले बाबा! लग्नाच्या पंगतीत कुणी पिऊन आला तर पानावरून उठणारे.

त्यांना पैसे नकोत. गुरुदत्त आत जावा असंही त्यांचं काही नाही, मला वाटतं तसं, त्यांना नाही. त्यांना फक्त एवढंच हवंय की कोर्टात, लोकांसमोर, कागदावर, त्यांच्या नावानिशी यावं की देवराम पडला नाही, त्याला पाडलं. आणि ते बघितलेला माणूस एकच आहे. नोव्हेंबरात तारीख लागेल असं वकील म्हणतात. येऊन जे बघितलंस ते सांग. मग खुशाल पुन्हा ब्लॉक कर.

वैशाली


डोंबिवली पूर्व
२ सप्टेंबर २०२५

रत्नदीप,

पोचपावती आली, सही तुझीच आहे. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं.

तुझा तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मी बी.ए. इंग्लिश झाले, आणि आयुष्य गेलं 'चि.' आणि 'चि.सौ.कां.' टाइप करण्यात. म्हटलं पदवीचा एकदा तरी उपयोग करू. बाबांची जाडी डिक्शनरी कोपरीहून आणलीय, ती काढली. मॅटर. बापरे, पानभर आहे. जगातली कुठलीही वस्तू म्हणजे मॅटर. बोलण्याचा विषय म्हणजे मॅटर. भानगड म्हणजे मॅटर. पुस्तकातला मजकूर म्हणजे मॅटर. टपालाने जातं तेही मॅटर, म्हणजे हे पत्रसुद्धा. वाचत खाली खाली गेले आणि एका अर्थापाशी थांबले. पू. जखमेत धरतो तो पू. जुने इंग्रज डॉक्टर त्याला मॅटर म्हणायचे. जखमेने मॅटर धरला, असं.

वाचलं आणि पुस्तक मिटलं. कारण मी नुकतेच ड्रेसिंग करून हात धुतलेले.

तुला माहीत नाही ना ते? तू एकदा आलेलास, हॉस्पिटलात, दारातून नारळपाणी दिलंस आणि गेलास. ऐक मग. हाडात रॉड घातला, त्याच्या आजूबाजूला आत सडलंय. गटारातली घाण हाडापर्यंत गेलेली, ती निघतच नाही. मांडीला एक भोक आहे, करंगळी जाईल एवढं. सकाळी पट्टी सोडली की ती आधी चिकटलेली असते, मग ओलं करून सोडवावी लागते, आणि मग ते येतं. पिवळं, कधी हिरवट. वास असा की घरात उदबत्ती लावली तरी उदबत्तीच्या आडून येतो. पहिले काही दिवस मी मोरीत जाऊन ओकलेय. आता ओकत नाही. नाकाला पदरही लावत नाही, कारण बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात. मी जरा तोंड वाकडं केलं की ते म्हणतात, राहू दे गं, उद्या कर.

त्याची मला किळस येत नाही, रत्नदीप. खरंच सांगते. ते आपल्या बापाच्या अंगातलं आहे, पुसलं की झालं. किळस मला तुझी येते. तुझा मेसेज उघडला की तोंडाला तेच पाणी सुटतं जे ओकायच्या आधी सुटतं. बहिणीने भावाला असं लिहू नये. पण दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि डिक्शनरी तर समोरच होती.

नंतर परत उघडून पुढे वाचलं ते वेगळंच निघालं. हा शब्द इंग्रजांचा नाहीच. फ्रेंचांकडून आला, त्यांना लॅटिनमधून मिळाला, आणि तिथे त्याचा अर्थ होता लाकूड. झाडाच्या खोडाचा आतला टणक भाग, घर बांधायला वापरतात तो. आणि लाकडाला तो शब्द बहुतेक आईवरून आला असं म्हणतात. त्यांची माटेर म्हणजे आपली माता, दोन्ही एकाच कुळातल्या. खोड ही फांद्यांची आई, असं काहीतरी त्या लोकांच्या मनात असणार. कुठून निघालेला शब्द आणि कुठे पोचला बघ. तुझ्या हातात येईपर्यंत त्याचं काय झालं.

बाबांना लाकडाचं सांगितलं. इतके खूश झाले! म्हणाले, बरोबर आहे, आमच्याकडे मोठ्या अक्षरांचे खिळे लाकडाचेच असायचे, शिसं जड होतं ना. मग बराच वेळ छापखान्याचं बोलत राहिले. पुवाचं मी सांगितलं नाही. आईचंही नाही, ती आठवली की ते जेवत नाहीत. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आई लवकर गेली ते बरंच झालं.

आणखी एक अर्थ आहे. महत्त्वाचं असणं, फरक पडणं. तो म्हणे बराच मागून आला. तुझ्यापर्यंत अजून आलेला दिसत नाही.

वैशाली


डोंबिवली पूर्व
५ ऑक्टोबर २०२५

रत्नदीप,

शी. कुठून सुरुवात करू?

काल दुपारी दुकानात दोन मुलं आली. मोठा फ्लेक्स हवाय, वाढदिवसाचा, अर्जंट. ठाण्यात सगळ्यांच्या मशीन बिझी आहेत म्हणून कुणीतरी त्यांना डोंबिवलीला पाठवलं. कुणाच्या दुकानात आलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही मॅटर उघडेपर्यंत बेसावध होते. म्हटलं द्या. त्यांनी पेनड्राइव्ह दिला.

वर मधोमध तुझा दादा, गॉगल लावून, मागे वाघ. वाघ कुठल्यातरी परदेशी जंगलातला. खाली ओळ, 'गोरगरिबांचा आधार'. मी एवढंही सहन केलं. पोट भरायचं तर असल्या वाघांना रोज कापून चिकटवावं लागतं. मग खाली शुभेच्छुकांची रांग. तुला माहीत आहेत त्या रांगा, पासपोर्टएवढे चेहरे, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. डावीकडून तिसरा तू. 'कार्याध्यक्ष, गुरुदत्तदादा मित्रमंडळ.'

मी ओळखलं नाही आधी, इतका गोरा आणि गुळगुळीत करून टाकलाय तुला. मग फोटो मोठा करून बघितला. हा फोटो तू ग्रॅज्युएट झालास तेव्हाचा. आपण कोपरीच्या त्या स्टुडिओत गेलेलो, तू पुढे खुर्चीवर, मी बाजूला, बाबा मागे. त्यातून तुझा चेहरा तेवढा कापून घेतलाय, तोही कुणीतरी घाईत. कापताना तुझ्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत. मधलं वाकडं, छापखान्याच्या मशीनमध्ये सापडलेलं. मागचं बाकी सगळं गेलं, माणूस गेला, नुसती बोटं राहिली.

मी बघत बसले तर त्यातल्या एका मुलाला वाटलं मला चूक दिसली. तो वाकून म्हणाला, "ताई, ती बोटं तेवढी काढून टाका ना. भारी नाही दिसत."

मी रोज अशी बोटं काढते. लोक असेच फोटो आणतात, मेलेल्या आजीचा फोटो नातवाच्या बारशातून, नवऱ्याचा मेव्हणीच्या लग्नातून. कुणाचा खांदा, कुणाचा कान, कुणाचा गजरा राहिलेला असतो, माऊसने पुसला की गेला. दोन सेकंदांचं काम. माझा हात माऊसवर होता. मी तो सोडला आणि उठून बाहेर जाऊन गटाराशी उभी राहिले. समोरचा भाजीवाला विचारायला लागला, काय झालं मॅडम.

आत आले आणि त्यांना सांगितलं, मशीन बंद पडलंय, होणार नाही. कुरकुरत गेले. दुसरीकडून छापून घेतला असणारच. कोपरीत लागला असेल आता, आपल्याच चाळीशी, त्याच जागी. तू बघितलास का जाऊन? बोटं काढली का रे नीट?

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते विचारत होते, रत्नदीपचं काही आलं का. मी म्हटलं, कामात असेल.

तारीख मिळाली. २० नोव्हेंबर, ठाणे कोर्ट. समन्स तुलाही येईल. एक सांगून ठेवते. फ्लेक्सवर कुणाच्या खालीही उभा राहा, ते तुझं तू बघ. कोर्टात उभा राहशील तेव्हा समोर बाबा असतील.

वैशाली


डोंबिवली पूर्व
२ नोव्हेंबर २०२५

रत्नदीप,

आज अक्षदा आलेली. तूच पाठवलंस हे मला कळतं, बिचारीच्या कपाळावर लिहिलेलं होतं. सोबत मिठाईचा बॉक्स. मी तो आत नेला नाही, दारातच ठेवला, आता मुंग्या लागल्यात.

तिच्यावर माझा राग नाही. ती बाबांच्या पायाशी बसली, पट्टी बदलताना मला कापूस कापून दिला. वास आला तशी तिने डोळे मिटले, पण उठली नाही. तुझ्यापेक्षा शंभर पटीने बरी आहे. मग मी हात धुवायला गेले तेव्हा ती बाबांशी बोलायला लागली, हळू. मी मोरीच्या दारात उभी राहून ऐकलं. लपून नाही, माझंच घर आहे.

ती म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट दादांच्या हातात आहे, घर त्यांच्या ओळखीने आहे, आमच्या सान्वीची शाळासुद्धा. म्हणाली, बाबा, त्यांना झोप लागत नाही. मी आतून म्हटलं, औषध घे म्हणावं. ती रडायला लागली. मग बाबांनी तिला विचारलं, नीट सांग पोरी, रत्नदीप काय म्हणणार आहे तिथे?

"मी काही बघितलं नाही, असं सांगणार आहेत. दादांच्या वकिलांनी तसं पाठ करून घेतलंय."

मला वाटलं आता बाबा चिडतील, आता म्हणतील की सांग त्याला, परत तोंड दाखवू नकोस. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी विचारलं, "तिथे शपथ घ्यायला लावतात ना अजून?"

अक्षदा म्हणाली, हो.

"म्हणजे शपथ घेऊन सांगणार."

हो, म्हणाली.

बाबांनी मग विषयच बदलला. सान्वी कितवीत आहे, पाढे येतात का, असलं. जाताना अक्षदाने त्यांच्या पायाला हात लावला, चांगल्या पायाला. ती गेल्यावर मी भांडीकुंडी आपटत होते. बाबांना म्हटलं, काय माणूस आहात तुम्ही, तुमचा मुलगा तुमच्या तोंडावर थुंकायला निघालाय आणि तुम्ही पाढे विचारताय? ते म्हणाले, अक्षदा मुलगीच आहे ना रे आपली, तिला काय बोलू. मला ते मध्येच रे म्हणतात, लक्षात आहे ना, तुझ्याशी बोलत असल्यासारखं.

तेव्हापासून त्यांनी डिक्शनरी मागितली नाही, पेपर वाचला नाही. मघाशी एकदाच बोलले. म्हणाले, त्याने बुद्धवंदना सोडली असेल का गं, करत असेल का रोज? मी म्हटलं, दादाची आरती करत असेल. मला नाही त्यांच्यासारखं बोलता येत.

ऐक, आता मी तुला विनंती करणार नाही, दोनदा करून झाली. खोटं बोलायचं असेल तर येऊच नको. आजारी पड, गावाला जा, खडवलीला जाऊन नदीत पाय सोडून बस. आला नाहीस तर निदान बाबांना ते ऐकावं लागणार नाही. ते सांगतील ते त्यांचं एकट्याचं राहील. जिवावर उदार होऊन कुणाचं भलं कर असं मी म्हणत नाहीये, फक्त तेवढं घाणेरडं करू नको.

वैशाली


डोंबिवली पूर्व
२१ नोव्हेंबर २०२५

रत्नदीप,

तू बाहेरच्या बाकड्यावर होतास. साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकू देत नाहीत, म्हणून तुला आत काय झालं ते माहीत नाही. शिपायाने येऊन सांगितलं, तुमची गरज नाही, जा, आणि तुझा चेहरा फुलला, मी दारातून बघितलं. गुरुदत्तने तुझ्या पाठीवर थाप मारली. तू त्याच्या पाया पडायला वाकलास. तुला वाटलं दादाने सेटिंग लावली, वकिलाला मॅनेज केलं, मॅटर मिटला. तू घरी जाऊन अक्षदाला असंच सांगितलं असशील.

मी आत होते. मी साक्षीदार नाही, म्हणून मला बसू दिलं. आता ऐक.

बाबांना आम्ही व्हीलचेअरवरून नेलं. लिफ्ट बंद होती, हमालासारखं उचलून वर चढवलं, आणि त्यात पट्टी सरकली. आत गेले तोवर पँटवर डाग आलेला, वास सुटलेला. पुढच्या बाकावरची बाई उठून लांब बसली. बाबांनी दोन्ही हात डागावर ठेवले. दारातून जाताना त्यांनी तुला बघितलं होतं. तू फोनमध्ये बघत होतास, मान वर केली नाहीस. नवा पांढरा शर्ट, छान इस्त्री.

जखमी माणूस पहिला. त्यांना बसूनच बोलायची परवानगी दिली. शपथ दिली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय घडलं ते सांगा.

बाबा म्हणाले, "मी खाली गेलो. लादी काढलेली होती. अंधार होता. माझा पाय घसरला."

वकिलांनी वर बघितलं. पुन्हा विचारलं, तुम्हाला कुणी ढकललं का?

"नाही."

मी उठून उभी राहिले. शिपायाने मला खाली बसवलं. सरकारी वकील लालबुंद झाले, म्हणाले, तुम्ही पोलिसांना सांगितलंय की आरोपीने ढकललं, ते खोटं का? बाबा म्हणाले, तेव्हा मी रागात होतो, वयामुळे चुकीचं बोललो असेन. आरोपी बाजूलाच उभा होता, हात पाठीमागे, चेहरा साळसूद. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? न घाबरता सांगा. बाबा म्हणाले, नाही साहेब, कुणाचा नाही. मग त्यांच्या साक्षीवर लिहिलं गेलं, साक्षीदार फितूर. आपल्या बापाच्या नावापुढे, रत्नदीप, फितूर. कोपरीत आता खुशाल म्हणतील, म्हातारा प्यायलाच होता, बघा कोर्टात स्वतःच्या तोंडाने बोलला. जे एक त्यांना कागदावर हवं होतं त्याच्या बरोबर उलटं त्यांनी स्वतः लिहून दिलं, खाली सही केली, वळणदार, ते करतात तशी.

वकिलांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, ज्याला लागलं तोच फिरला, आता मुलाला बोलावून काय करू. म्हणून तुला बोलावलं नाही. दादाने काहीही केलेलं नाही, त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

टॅक्सीने घरी आले, पट्टी बदलली, आणि मग मात्र बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. म्हातारपणी बुद्धी गेली का, इथपर्यंत बोलले. दोन वर्षं मी तो पू पुसतेय तो याच्यासाठी का, असंही म्हटलं. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तो बाहेर बसलेला बघितलास ना? आत येऊन शपथ घेऊन खोटं बोलला असता. मग जन्मभर त्याला ते वागवावं लागलं असतं. माझं काय, माझे किती दिवस राहिलेत."

मी म्हटलं, त्याला काही वागवावं लागलं नसतं, तो तसा राहिलेला नाही. ते म्हणाले, तुला माहीत नाही.

मला तुझी शिसारी येते. काल जास्त आली. तू आत येऊन खोटं बोलला असतास तर मी तुझं तोंड बघणं सोडलं असतं आणि सुटले असते. आता बाबांनी तुला स्वच्छ ठेवलंय, पांढऱ्या शर्टासकट, आणि स्वतः त्यात उतरले. त्यांना तुझी किळस येत नाही, हे मला सहन होत नाही. मी खूप प्रयत्न केला त्यांना यावी म्हणून.

संध्याकाळी ते रोज वंदना घेतात, पलंगावर बसून, मी हाताखाली उशी देते. काल नको म्हणतील असं वाटलेलं, पण हात जोडले. त्रिसरण म्हटलं. पंचशील सुरू केलं. पहिलं म्हटलं, दुसरं, तिसरं. मग थांबले. मला वाटलं दम लागला, मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. जरा वेळाने पाचवं म्हटलं आणि हात सोडले. चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना एक अक्षर गाळताना ऐकलेलं नाही.

मी म्हटलं, बाबा, चौथं राहिलं.

"राहू दे," म्हणाले. "आणि त्याला यातलं काही कळवू नकोस."

मी कळवतेय.

वैशाली